पेन ड्राइव्ह लावला की 'डिस्क घाला' म्हणतो, आकार ० बाइट दिसतो. दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की १६ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला की आवाज येतो, ड्राइव्हचं अक्षरही दिसतं, पण उघडत नाही आणि फॉर्मॅटही होत नाही. ही लक्षणं बहुतेक वेळा फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारा आतला प्रोग्राम, बिघडल्याची असतात, आणि ड्राइव्ह पुन्हा चालू होऊ शकतो. पण आत काही हवंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी ठरवा.

माझं बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीच्या दिवसांत खानापूरकडचे एक काका असाच पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. तासाभरात चालू करून दिला. त्यांनी तिथंच लावून बघितला, रिकामा. "ह्याच्यात आमच्या बाबांची भजनं होती की ओ," एवढंच म्हणाले. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पहिला प्रश्न तोच विचारतो.

झालेलं असं असतं: आत दोन चिप असतात. मेमरीची फ्लॅश चिप आणि तिला चालवणारा कंट्रोलर. कंट्रोलरचं बरंचसं फर्मवेअर त्या फ्लॅशमध्येच लिहिलेलं असतं. तो भाग खराब झाला, किंवा लिहिणं चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला, की कंट्रोलरला मेमरी सापडत नाही. म्हणून विंडोजमधल्या फॉर्मॅटने किंवा डिस्कपार्ट या कमांडने काही होत नाही.

डेटा नको असेल तर चिपजीनियस हे ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून कंट्रोलर कुठल्या कंपनीचा ते बघा. फायसन, सिलिकॉन मोशन, अल्कोर, प्रत्येकाचं एमपीटूल, म्हणजे फर्मवेअर पुन्हा भरणारं सॉफ्टवेअर, वेगळं. फायसनला बर्नर (फर्मवेअर चिपमध्ये लिहिणारा छोटा प्रोग्राम) आणि फर्मवेअर अशा दोन फाइल लागतात, आणि बर्नर त्याच कंट्रोलरचा, तुमच्या फ्लॅश चिपला चालणारा हवा. ही टूल्स कंपनीच्या साइटवर मिळत नाहीत, इकडूनतिकडून घ्यावी लागतात, व्हायरसही येतात. म्हणून महत्त्वाचं काही नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरच चालवा. बॅटरी भरलेली ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही.

टूलला ड्राइव्ह ओळखता आला नाही तर कव्हर उघडा. दोन्ही बाजूंना २४-२४ पिनांची लांबट चिप असेल तर तिच्यावरचा ठिपका शोधा, तिथं १ नंबरची पिन. समोरच्या रांगेत ठिपक्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला २५ वी. तिथून पाचवी आणि सहावी, म्हणजे २९ आणि ३०, सुईच्या टोकानं एकत्र टेकवून ड्राइव्ह लावा, आवाज आला की लगेच सुई काढा. पिना अशा टेकवल्या की कंट्रोलरला बिघडलेलं फर्मवेअर वाचता येत नाही, म्हणून तो स्वतःच्या बूट मोडमध्ये थांबतो आणि टूलला सापडतो. हात थरथरत असेल तर दुसऱ्याला लावायला सांगा. चालू झाल्यावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरनं पूर्ण तपासा. आकार थोडा कमी दिसेल, कारण खराब ब्लॉक बाजूला काढलेले असतात. पुढं त्यावर एकुलती एक कॉपी ठेवू नका.

डेटा हवा असेल तर यातलं काहीच करू नका. एमपीटूल सगळं पुसतं. डेटा काढणारे लोक चिप काढून वाचतात, कंट्रोलरनं डेटा गुंतवून ठेवलेला असतो तो सोडवतात. महाग पडतं, पण आशा तिथंच आहे.

चिपजीनियसमध्ये कंट्रोलरच्या ओळीत काय येतंय ते इथं लिहा, कुठलं टूल लागेल ते सांगतो.