गाणगापूरला नेताना गोळ्यांचं काय?

प्रश्न : धाकट्या भावाला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. आईला त्याला गाणगापूरच्या दत्त मंदिरात न्यायचंय. तिथे गेल्यावर औषध बंद करावं, असं शेजारी सांगतात. दुपारची आरती त्याला झेपेल का?

उत्तर : गोळी एकही चुकवू नका. चुकलेला डोस, जागरण आणि उपास यांनी फिट उसळते, आणि यात्रेत नेमकं हे तिन्ही एकत्र येतं. रात्रभर प्रवास, पहाटे अंघोळ, दर्शनाआधी पोटात काही नाही! गोळ्या सामानात नको, खिशात ठेवा. दोन दिवसांच्या जादा घ्या. कारण गाणगापूर रोड स्टेशनपासून गाव वीसेक किलोमीटर आत आहे.

भीमा-अमरजा संगमावर त्याला पाण्यात उतरवू नका. गुडघाभर पाण्यातही फिट आली तर माणूस बुडतो. काठावर बसवून तांब्याने अंघोळ घाला. भस्म कपाळाला लावा, नाकातोंडात जाऊ देऊ नका.

मंदिरातल्या निर्गुण पादुकांचं (दत्तावतार नृसिंह सरस्वतींच्या) दर्शन छोट्या झरोक्यातून होतं. ते सकाळीच उरका, पौर्णिमा आणि गुरुवार टाळून. दुपारच्या आरतीला नगारा-घंटांचा कल्लोळ असतो, बाधा झाल्याचं मानलेली माणसं किंचाळतात, खांबांवर चढतात. भावाला बाहेरच्या बाजूला, दाराजवळ बसवा.

तिथे फिट आली तर लोक ‘वारं आलं’ म्हणून त्याला धरून ठेवतील. धरू देऊ नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. घड्याळ बघा : पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.