शेठ, तुमची नोट पडली होती

ताई, कराडजवळ माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. हाताखाली पोरं टिकत नाहीत. शेवटचा चार वर्षं होता, कामाला चांगला, रंगाचं मशीनसुद्धा तोच चालवायचा. घटस्थापनेला रात्री दुकान वाढवलं आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. गल्ल्यावर गोडाऊनची किल्ली आणि तिच्याखाली शंभराची नोट. काय समजायचं? ऐन दिवाळीच्या रंगाच्या सीझनमध्ये दगा दिला. वडील म्हणायचे, माणूस संधी मिळेपर्यंतच सज्जन असतो. म्हणून मी पोरांची परीक्षा घेतो, काउंटरखाली नोट टाकून बघतो. याच्यासाठीही टाकायचो, महिन्या-दोन महिन्यांनी. आणून द्यायचा, तो भाग वेगळा. आमचं गाव काही शनिशिंगणापूर नाही. त्याचा एक महिन्याचा पगार माझ्याकडे आहे, येईल झक मारत. मुलगा पुण्याला नोकरी करतो, दुकानाचं नाव काढत नाही. आता नवीन माणूस ठेवताना डिपॉझिट घ्यावं की कॅमेरे वाढवावेत?
– एक दुकानदार

शेठ,

कॅमेऱ्याचं नंतर बघू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले. ‘आणून द्यायचा, तो भाग वेगळा.’

वेगळा कसा? मला तर सगळं पत्र त्या एका वाक्यात दिसलं.

चार वर्षं, दोन महिन्यांनी एकदा धरलं तरी चोवीस वेळा. चोवीस वेळा तुम्ही नोट टाकली आणि चोवीस वेळा तो पोरगा वाकून, उचलून म्हणाला असेल, ‘शेठ, तुमची नोट पडली होती.’ पहिल्यांदा त्याला खरंच वाटलं असेल की पडली. दुसऱ्यांदाही वाटलं असेल. पण जो पोरगा गिऱ्हाइकानं आणलेल्या पोपड्यावरून भिंतीची छटा जुळवून देतो, त्याला मालकाच्या खिशातली नोट नेहमी काउंटरखालीच आणि नेहमी गर्दी नसतानाच का पडते, हे कळत नसेल? तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं असणार. पुढची वीस वेळा तो तुमची लाज राखत होता.

आणि तुम्ही काय करत होता? पुढची नोट टाकत होता. आणली तर ‘हुशार आहे, सावध आहे’. न आणली असती तर ‘बघा, चोर’. यात जिंकायचं कसं, ते तरी त्या पोराला सांगायचं होतं. वडिलांचं वाक्य खोटं ठरू शकेल अशी एकही फट तुम्ही ठेवली नाहीत आणि याला परीक्षा म्हणता. शाळेत पोराला चोवीसदा एकच पेपर लिहायला लावला आणि दर वेळी पैकीच्या पैकी मिळाले तरी निकाल राखून ठेवला, तर तुम्हीच हेडमास्तरांच्या अंगावर धावून गेला असता.

तुमच्यासारखाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर करून झालाय. काही संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं ‘हरवली’. बँका, हॉटेलं, पोस्ट, पोलीस चौक्या अशा ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला पाकीट द्यायचं, ‘बाहेर सापडलं, मला घाई आहे, तुम्हीच बघा’ म्हणायचं आणि निघून यायचं. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत साधारण तेरा डॉलर होतील इतकी त्या-त्या देशातली रक्कम होती. २०१९ साली निकाल छापून आला. रिकाम्या पाकिटांपैकी शंभरातल्या चाळीसांच्या मालकांना निरोप गेला, पैसेवाल्यांपैकी एक्कावन्नांच्या. तीन देशांत सातपट रक्कम घालून पाहिली, तर बहात्तरांच्या. भारतातली शहरंही त्यात होती. एकूण आकड्यात आपण काही पहिल्या बाकावर नव्हतो, पण पैसे असलेलं पाकीट आपल्याकडेही जास्त वेळा परत आलं. गंमत अशी की लोकांना अंदाज विचारला, तेव्हा त्यांनी नेमकं उलटं सांगितलं. तुमच्या वडिलांसारखंच. दुसऱ्याचे पैसे ठेवले की आपण चोर ठरतो, हे माणसाला लागतं. रक्कम वाढली की जास्त लागतं.

तरीही शंभरातले एकोणपन्नास उरतातच. हो, उरतात. तुम्हाला या धंद्यात असे भेटले असतील, मी नाही म्हणत नाही. पण हा त्यांतला नव्हता आणि ते तुम्हाला चोवीस पुराव्यांनिशी ठाऊक होतं.

शिंगणापूरचं तुम्ही सहज लिहून गेलात. तिथं घरांना दारं नसायची ती माणसांवरच्या विश्वासानं नव्हे; चोराला शनिदेव सोडत नाही, या भीतीनं. म्हणजे शेठ, तुमचं दुकान शिंगणापूरच आहे. फक्त देवाच्या चौथऱ्यावर तुम्ही चढून बसलाय.

आमच्या ऑफिसात एक साहेब आले होते. सकाळी दाराशी घड्याळ घेऊन उभे राहायचे. दोन मिनिटं उशीर झाला की नावापुढं लाल रेघ. त्याआधी आम्ही बायका मार्चअखेरीला रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसायचो, कुणी न सांगता. ते आल्यावर काय झालं? सगळ्या जणी वेळेवर यायला लागलो, आणि साडेपाचच्या ठोक्याला पर्स खांद्याला. अर्धी टाइप केलेली ओळ तशीच सोडून. साहेबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की ही माणसं मुळातच कामचोर, बरं झालं मी घड्याळ घेऊन उभा राहिलो. आर्मिन फाल्क आणि मिखाएल कोसफेल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं. ‘किमान इतकं तरी द्यायलाच हवं’ अशी अट घातली, तर बहुतेक माणसं अट नसताना देतात त्याहून कमी देतात. कारण अटीतून त्यांना ऐकू येतं, की माझा तुझ्यावर भरवसा नाही. आम्ही ते साडेपाचलाच शिकलो होतो. म्हणून म्हणते, पोरं टिकत नाहीत याचं उत्तर पोरांत शोधू नका. (मुलगा पुण्याला का रमला, ते मी विचारत नाही. लहानपणी तो सुट्टीत दुकानात बसायचा का, आणि तेव्हाही काही खाली पडायचं का, एवढं तुमचं तुम्ही आठवा.)

आता किल्लीखालची नोट. काय समजायचं, म्हणता! ती एक तर तुम्ही शेवटची टाकलेली असेल, नाही तर त्याच्या खिशातली. कुठलीही असो, चार वर्षांत तो तुमच्याशी एवढं एकच उलट बोलला आणि तेही तोंड न उघडता. याला दगा म्हणू नका, माझा राग आणखी वाढेल.

तो वाढायला कारण आहे. तुम्ही शेवटी लिहिता, त्याचा महिन्याचा पगार माझ्याकडे आहे, येईल झक मारत. चार वर्षांत तुमच्या दुकानात दुसऱ्याचे पैसे कुणी ठेवून घेतले? त्याच्या हातात चोवीस संधी आल्या, तुमच्या हातात एक. वडिलांचं वाक्य खरं करून दाखवणारं माणूस तुम्हाला अखेर सापडलं म्हणायचं.

कॅमेरा नको, डिपॉझिट नको, नवीन माणूसही आत्ता नको. या रविवारी त्याच्या घरी जा. फोन करून बोलावून घेऊ नका, तुम्ही जा. महिन्याचा पगार पाकिटात घाला. चार वर्षं राबलाय, दिवाळीचा बोनस वेगळ्या पाकिटात. पैसे तिथंच मोजून दाखवू नका, तो मोजणार नाही. मग नोटा मुद्दाम टाकत होतो, असं त्याच्या आईवडिलांसमोर तुमच्या तोंडानं सांगा. त्याला ते ठाऊक आहे, त्यांना नसेल. परत येशील का, हे मात्र विचारू नका, पुन्हा परीक्षा होईल.

रिकाम्या हातानं जाऊ नका. त्या शंभराच्या नोटेचे पेढे घ्या. पाव किलोही येणार नाहीत, वरचे पैसे तुमचे घाला.