दोन भांडणांच्या मधला वेळ

"तोंड उघडलं की अंगावर येते. सासूबाई म्हणतात वयच तसं आहे, हे म्हणतात मोबाईल काढून घे. नेमकं करायचं काय?" नववीतल्या मुलीच्या आईचा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईला आधी एकच काम दिलं: दोन आठवडे वही लिहायची. चार रकाने. वेळ, आधी काय घडलं, राग किती मिनिटं टिकला, आणि तो ओसरल्यावर मुलगी काय करत होती. पालक पहिले तीन रकाने भरभरून लिहितात, चौथा कोरा सोडतात. या आईनेही तेच केलं. पुन्हा सांगितल्यावर ही नोंद आली: "संध्या. ६.४०. डबा का नाही खाल्ला विचारलं. दार आपटलं. २० मि. नंतर पलंगावर, दिवा न लावता. चित्रकलेचा क्लास बुडवला."

निव्वळ वयाची चिडचिड मध्येमध्ये उतरते. मूल भांडतं आणि अर्ध्या तासाने फोनवर खिदळत असतं. या वहीत खिदळणं कुठेच नव्हतं. डबा तसाच परत, झोप रात्री दीडनंतर, आवडता क्लास तीन आठवडे बंद. मुलांचं नैराश्य पुष्कळदा रडत नाही, वसकन अंगावर येतं. निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिड धरतात. मात्र ती किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ हवी, आणि सोबत झोप, भूक, गोडी, लक्ष यांतही बदल हवेत.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर डब्याचा उलगडा झाला. जूनमध्ये तुकडी बदलली, मैत्रिणी जुन्या तुकडीत राहिल्या. मधल्या सुट्टीत एकटीने डबा उघडायची लाज वाटायची. आणि आई रोज दारातच त्या डब्याबद्दल विचारायची! जगणं नकोसं वाटतं का, हेही तिला सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'नाही' आलं. 'हो' असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. तिला तज्ज्ञांकडे पाठवलंच. त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घेतलं.

(वर्षभराहून अधिक काळ, आठवड्यातून तीनदा तरी स्फोट, घरी आणि शाळेतही, मधला वेळही चिडकाच, सुरुवात दहाव्या वर्षाआधी, असं असेल तर २०१३ पासून डीएमडीडी (सततची चिडचिड आणि रागाचे स्फोट असलेला मुलांमधला विकार) हे वेगळं निदान आहे. इथे ते बसत नव्हतं.)

घरी बदल थोडेच केले. शाळेतून आल्यावर पहिली वीस मिनिटं एकही प्रश्न नाही. राग चढलेला असताना उपदेश नाही. वस्तू फोडायच्या नाहीत हा नियम कायम. रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात, वडिलांचाही. वडील आधी मोबाईल काढून घ्यायचे आणि तासभर आरडाओरडा झाला की परत द्यायचे; यातून मूल एवढंच शिकतं की तासभर ओरडावं लागतं. हे परत देणं थांबवलं की सुरुवातीला ओरडणं वाढतं, आणि बहुतेक घरं तिथेच हात टेकतात. वर्गशिक्षिकांनी मधल्या सुट्टीत तिला जुन्या तुकडीतल्या दोघींबरोबर ग्रंथालयाचं काम दिलं.

सहाव्या आठवड्यातली नोंद: "८.१०. दार आपटलं. १० मि. नंतर बाहेर येऊन विचारलं, पोहे उरलेत का."