मालिकेतला जुगारी आणि बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन

"मॅडम, हे पोकरची मालिका बघत बसायचे रात्र-रात्र. त्यातूनच नाद लागला. आता टीव्हीचं रिचार्जच बंद केलं तर सुटेल ना?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच बाईंनी विचारून टाकलं. नवरा शेजारी मोबाइल उलटा ठेवून भिंतीकडे बघत होता. सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वय 34, दारू नाही, तंबाखू नाही, सोसायटीच्या गणपतीचा खजिनदार. (खजिनदारीचा हिशोब पैशापैशाने चोख होता, हे पुढे कळलं. असं बऱ्याचदा असतं.) ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि दोन घरांतल्या गोष्टी इथे एकत्र आल्या आहेत.

मालिका बघून माणूस जुगारी होतो का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला नेहमी येतो. कधी बायको विचारते, कधी कॉलेजातल्या मुलाची आई. त्याची दुसरी बाजू मात्र सहसा कुणी विचारत नाही, नकळत बोलून जातात: "मालिकेत दाखवतात तसं आमच्याकडे काहीच नव्हतं हो." मला काळजी वाटते ती या वाक्याची.

बाईंना काहीतरी बिनसलंय याचा वास दीड वर्ष आधीच आला होता. त्यांनी काय केलं, तर मालिकांमधून जे माहीत होतं ते तपासलं. शर्टाला दारूचा वास येतो का बघितलं. नवरा वेळेवर घरी येतो का बघितलं, तर रोज सहा-वीसला गाडी लागत होती. दर महिन्याला बँकेत जाऊन लॉकर उघडून बघितला. "मंगळसूत्र, पाटल्या, सगळं जागच्या जागी, मॅडम. मग मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ."

सोनं जागेवर होतं, कारण सोन्याची गरजच पडली नव्हती. फोनवरची कर्जाची अ‍ॅप्स दहा मिनिटांत पैसे देत होती. चार अ‍ॅप्स, बँकेचं वैयक्तिक कर्ज, कामगारांच्या पतपेढीचं वेगळं, आणि मुलीच्या नावाची मोडलेली आरडी. सगळं मिळून 9 लाख 20 हजार. अड्डा नव्हता, धुराने भरलेली खोली नव्हती, गॉगल लावलेला कुणी समोर बसलेला नव्हता. होतं ते बाथरूम. मध्यरात्रीनंतर एक्झॉस्ट फॅन लावून तो आत बसायचा. पोट बिघडलंय म्हणून बाईंनी दोन महिने त्याला ओव्याचं पाणी दिलं.

त्याचंही म्हणणं मालिकेवरच बेतलेलं होतं. "जुगारी म्हणजे घर विकणारा, बायकोला मारणारा. मी हप्ता कधी चुकवला नाही. आणि पोकर हा स्किलचा खेळ आहे." यावर मी वाद घालत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहेच. पण प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, खेळवणारा आपला रेक (कमिशन) कापून घेतो, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायचं तरी समोरच्यापेक्षा चांगलं खेळावं लागतं. आणि हरलेले पैसे आजच परत आणायचे म्हणून रात्री दोन वाजता मोठ्या टेबलावर बसणं, यात कौशल्य कुठलं? कायद्यानेही हा भेद आता बाजूला ठेवला आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैशाचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदच आहेत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला तुरुंग आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्याचं अ‍ॅप तेव्हा बंद पडलं. बाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. आठवड्याभरात त्याला एका ग्रुपवरून लिंक आली: अनोळखी खात्यावर यूपीआयने पैसे टाका, खेळायच्या चिप्स (टोकन) घ्या.

तिसऱ्या भेटीत मी त्याला म्हटलं, "तुमचा आवडता पोकरचा प्रसंग लावा बघू." हे मी सगळ्यांसोबत करत नाही. काहींना पत्त्यांचा नुसता आवाजही पुरे होतो, हात शिवशिवायला लागतात. हा मात्र खेळाबद्दल बोलायला लागला की मोकळा व्हायचा, म्हणून धाडस केलं.

त्याने फोनवर एक परदेशी मालिका लावली आणि दोन मिनिटांत स्वतःच तिची चिरफाड सुरू केली. "हे बघा, हा म्हणतो, 'तुझे हजार बघितले, आणि वर दोन हजार.' असं चालत नाही, मॅडम. बघितले म्हणालात की तो कॉल झाला, म्हणजे नुसती बरोबरी, मग वाढवता येत नाही." पुढे नायकाने गाडीची किल्ली टेबलावर फेकली. तो हसलाच. "डाव सुरू झाल्यावर खिशातलं काही काढता येत नाही. टेबलावर चिप्स आहेत तेवढंच. कमी पडल्या तर ऑल-इन, म्हणजे आहेत तेवढ्या सगळ्या लावायच्या, बाकीच्यांचा पॉट बाजूला." मग एकाचा फुल हाउस, दुसऱ्याचे चार एक्के, आणि नायकाचा रॉयल फ्लश, सगळ्यांत भारी पत्ते. "पाच पत्त्यांत रॉयल फ्लश 6,49,740 डावांत एकदा. होल्डेम या प्रकारात सात पत्त्यांतून निवडायचा असतो, तरी 30,940त एकदा. आणि नेमका त्याच डावात बाकी दोघांनाही एवढे भारी पत्ते?"

मी विचारलं, "तुम्हाला कधी आला?"

"एकदा. सगळ्यांनी आधीच फोल्ड केलं, पत्ते टाकून दिले. पॉट 140 रुपयांचा."

बाई पहिल्यांदा हसल्या.

पत्त्यांबाबत मालिका खोट्या असतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते कळून त्याचा खेळ काही थांबला नव्हता. मालिकेची मोठी गफलत माझ्या मते वेळेची आहे. पाऊण तासाच्या भागात तीन डाव, तिन्ही निर्णायक. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव वाटले जातात, ऑनलाइन त्याच्या दुप्पट आणि वर. शहाणा खेळाडू त्यातले चारातले तीन डाव आपले पत्ते बघूनच सोडून देतो. बहुतेक वेळ काही घडतच नाही. असल्या कंटाळवाण्या गोष्टीवर मालिका कोण काढणार? नाश होतो तो नेमका त्या कंटाळ्यात, दोनशे-पाचशेच्या ठिगळांनी.

मी त्याच्या किल्लीच्या मुद्द्यावर परत आले. "डावात गाडी लावता येत नाही म्हणालात. मग आरडी कुठे गेली?"

बराच वेळ तो फोनची कडा अंगठ्याने घासत राहिला. "दोन डावांच्या मधे," तो म्हणाला. "रीबायचं बटण असतं, दाबलं की परत चिप्स."

मग त्याला घरचा अभ्यास दिला: तुमचा एक प्रसंग पटकथेसारखा लिहा. स्थळ, वेळ, कोण काय बोलतं. त्याने वहीच्या अर्ध्या पानावर लिहून आणलं. स्थळ: बाथरूम. वेळ: 1.40. उजेड: स्क्रीनचा, सगळ्यात कमी. आवाज: फॅन. दोन हजार टाकले. गेले. दोन हजार टाकले. गेले. तीन हजार टाकले. 1,850 जिंकले. पाय बधिर. बाहेरून आवाज: "अहो, बरं वाटतंय ना?" संवाद: "हो, झोप तू."

बाईंनी वही बंद करून पर्समध्ये ठेवली. मला परत दिली नाही.

सगळ्याच मालिका खोटं दाखवतात असंही नाही. 'द सोप्रानोज'च्या 2000 सालच्या एका भागात खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा एक गृहस्थ पत्त्यांत 45 हजार डॉलर हरतो. टेबलावर थरार फारसा नाही, सकाळपर्यंत ताटकळलेले डोळे आहेत. कर्ज फेडायला तो पोराची गाडी नेऊन देतो, आणि पुढे दुकान आतून पोखरलं जातं. शिकवायला घ्यावा असा भाग आहे.

आणि आपल्याकडे तर द्यूतसभा. 1988 ते 1990, रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत लागलं की रस्ते ओस पडायचे. माझ्या पिढीला जुगार प्रथम दिसला तो तिथेच. पण आम्ही सगळे बघत होतो शकुनीचे फासे आणि त्याचं हसू. आजही घरचे येतात ते शकुनी शोधतच. या बाईंनाही कंपनीतला एक मित्र शकुनीमामा म्हणून सापडला होता. सभापर्वात मला बोचते ती पुढची गोष्ट: राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी, सगळं हरून धृतराष्ट्राने सगळं परत दिल्यावरही युधिष्ठिर दुसऱ्यांदा बोलावल्यावर खेळायला बसतो. आता फासे कुणाचे आहेत हे त्याला ठाऊक होतं. कर्ज फेडून दिलं की सुटला, असं समजणाऱ्या प्रत्येक सासऱ्याला मी हे अनुद्यूत ऐकवते. इथेही सासरे पाच लाखांचा चेक घेऊन तयार होते. तो थांबवला. फेड त्यानेच करायची, पगारातून, सावकाश.

बाकी केलं ते साधंच. पगार बाईंच्या खात्यात, यूपीआयची मर्यादा दिवसाला पाचशे, सगळ्या कर्जांची एक यादी फ्रिजवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे हे दोघांना दाखवलं, म्हणजे "तुमची इच्छाशक्तीच कमी" हे घरातलं भांडण जरा थंडावलं. दोन प्रश्न मी प्रत्येकाला विचारते: लावायची रक्कम वाढवत न्यावी असं वाटलं का, आणि किती लावले याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलं का. दारूचा वास शोधण्यापेक्षा हे विचारावं. तिसरा प्रश्न बाईंना बाहेर बसवून त्याला एकट्याला विचारला, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला होता का. आला होता, दोनदा. म्हणून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये तिथेच टाकून घेतला.

टीव्हीचं रिचार्ज? ते मी बंद करू दिलं नाही. पहिले तीन महिने पत्त्यांचे प्रसंग नकोत, एवढंच ठरलं. कॉलेजच्या पोरांच्या आयांनाही मी हेच सांगते: पोरगा काय बघतो यापेक्षा त्याच्या खात्यातून रात्री काय जातं ते बघा.

मधे एकदा तो घसरला, अठराशे रुपये, स्वतःहून सांगितलं. सात महिन्यांनी दोघं आले तेव्हा बाई सांगत होत्या की परवा असाच एक प्रसंग लागला, त्यांनी चॅनल बदललं नाही. "मी यांना म्हटलं, एवढे तास खेळतोय हा, याला घरून एक फोन कसा येत नाही?"

मालिकेची भीती गेली. एक्झॉस्ट फॅनची नाही. रात्री तो आवाज आला की त्यांना अजून दचकून जाग येते, म्हणून फॅन लावायचंच बंद केलंय. भिंतीला ओल आली आहे, रंगवाल्याला दिवाळीनंतर बोलावणार आहेत.