गंजलेल्या ब्रेक पाइपचा तेवढाच तुकडा बदलावा का?

आपली मोटार 2005 सालची आहे, मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा ब्रेक पाइप गंजून पाझरू लागला आहे आणि गॅरेजवाल्याने तेवढाच तुकडा कापून जोड देण्याचे सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते जोड देऊ नये. एका मूळ जोडापासून दुसऱ्या मूळ जोडापर्यंतचा अख्खा पाइप बदलावा, आणि तोवर मोटार गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न नेता ओढून न्यावी.

मी परभणीत राहतो. मराठवाड्याची हवा कोरडी, तेव्हा कोकणातल्या गाड्यांसारखा गंज आपल्याकडे चढत नाही, असा माझाही समज होता. तो अर्धाच खरा निघाला. शेतरस्त्याने ये-जा करणाऱ्या गाडीच्या पोटाला काळी माती चिकटते, पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपांमध्ये ती ठासून बसते आणि वरून वाळून तडकली तरी आत बराच काळ ओल धरून ठेवते. आमच्या जुन्या गाडीचा पाइप वरवर पाहता धडधाकट होता. क्लिप उचकटली तेव्हा तिच्याखालच्या दोन बोटे लांबीच्या भागावर खपल्या धरलेल्या दिसल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक खपली काढताच तिथून ब्रेक ऑइलचा थेंब वर आला. त्यानंतर उरलेल्या पाइपवर भरवसा ठेवणे मला जमले नाही.

टायरमध्ये साधारण 30 पीएसआय हवा असते. ब्रेक जोरात दाबला की या बारीक नळीतला दाब हजार पीएसआयच्या वर जातो. गंजून पातळ झालेल्या टोकावर नीट फ्लेअर (जोडात घट्ट बसावे म्हणून पसरवून घडवलेले नळीचे तोंड) बसत नाही आणि नळकामातले रिंग घालून आवळायचे जोड या दाबासाठी नसतात. काही ठिकाणी फ्रीजवाल्याकडची तांब्याची नळी वापरतात, तीही घेऊ नये, कारण शुद्ध तांबे गाडीच्या थरथरीने कडक होत जाऊन तडकते. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा ब्रेक पाइप मिळाल्यास उत्तम. तो गंजत नाही आणि हाताने सहज वळतो. बहुतेक मोटारींना 4.75 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाइप लागतो, तरी जुना मोजून घ्यावा.

जुने टोक फेकण्याआधी त्यावरचा फ्लेअर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे, कारण दुहेरी घडीचा आणि बुडबुड्यासारखा गोल फ्लेअर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दुसऱ्या टोकाचा फ्लेअर करण्यापूर्वी दोन्ही नट पाइपमध्ये ओवलेले आहेत ना, हे तपासावे. (मी विसरलो होतो, चांगला झालेला फ्लेअर कापून टाकावा लागला.) गंजलेले नट साध्या पान्याने गोल होतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि फ्लेअर नटाचा पाना वापरावा.

पाइप बसल्यावर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचे डावे चाक मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य पंपापासून) सर्वांत लांब असते, म्हणून सहसा तिथूनच सुरुवात करतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल तळाला जाऊ देऊ नये. ऑइल नव्या सीलबंद डब्यातलेच, त्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे घ्यावे; डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दोन्ही दर्जे हवेतली ओल शोषतात, त्यामुळे पाइप आतूनही गंजतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनर लागतो, तेव्हा ते काम गॅरेजकडेच सोपवावे.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्या माणसाने खाली प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. त्याच वेळी उजव्या चाकाकडच्या पाइपच्या क्लिपाही उघडाव्यात. तोही तितक्याच वर्षांचा आणि त्याच चिखलातून गेलेला आहे.