बाग विकून दुसरी एमएस्सी? गुरुजी, जरा थांबा

देवगड तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न थोडक्यात असा: लेक भौतिकशास्त्रात एमएस्सी झाली, नेट ही पात्रता परीक्षाही पास झाली. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत क्वांटम पदार्थांवरच्या (ज्यांचे गुण क्वांटम नियमांनी ठरतात अशा पदार्थांवरच्या) प्रकल्पात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो म्हणून तिची निवड झाली आहे. महिना ३७,००० रुपये, प्रकल्प तीन वर्षांचा. तिला मात्र जर्मनीत दोन वर्षांची मास्टर्स करून मग तिथेच पीएचडी करायची आहे. खर्च २४ लाख. गुरुजींच्या निवृत्तीचे ११ लाख ठेवीत आहेत आणि साठ हापूस कलमांची बाग आहे, पण सातबारा भावांबरोबर सामायिक. बाग तारण ठेवावी का आपला हिस्सा विकून टाकावा?

गुरुजी, दोन्ही करू नका. ज्या पदवीसाठी तुम्ही २४ लाख घालायला निघालात ती पदवी तुमच्या लेकीकडे आहे. भारतातली दोन वर्षांची एमएस्सी जर्मनीत पीएचडीच्या प्रवेशाला साधारणपणे चालते. शिवाय तिथे प्रायोगिक भौतिकशास्त्रातली पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. टीव्ही-एल ई१३ या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीचा पूर्ण पगार सुरुवातीला करापूर्वी साधारण ४,६०० युरो आहे आणि पीएचडीवाल्याला त्याचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग मिळतो. २४ लाखांचा आकडा येतो तो विद्यार्थी व्हिसामुळे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. युरो १०० रुपये धरला तर दोन वर्षांचे झाले २४ लाख. पगारी पीएचडीचा करार हातात असेल तर हे खातं लागत नाही.

आता कर्जाचा हिशोब. चार लाख ठेवीतले घातले आणि २० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलं असं धरू. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी फेड सुरू होताना डोक्यावर २४ लाखांच्या आसपास रक्कम असेल. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता बसतो महिना ३२,४०० रुपये. तिला तिकडे पीएचडी मिळाली तर कर वगैरे जाऊन हातात दोन हजार युरोंच्या आसपास येतील, त्यातून सव्वातीनशे युरो हप्त्याला देता येतील. पण नाही मिळाली आणि ती परत येऊन इथे जेआरएफ झाली, तर ३७,००० मधून हप्ता जाऊन ४,६०० उरतात. त्यात मुंबईत महिना काढता येत नाही. एकच शक्यता खरी ठरली तरच फिटेल असं कर्ज निवृत्त माणसाने सहकर्जदार म्हणून सही करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बागेचं तारण तर प्रत्यक्षातही अवघड आहे. कर्ज थकल्यावर बँका ज्या सरफेसी कायद्याने तारण ताब्यात घेतात तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला शेतजमीन घ्यायला बँका सहसा तयार नसतात. त्यात सामायिक सातबारा म्हणजे प्रत्येक सहहिस्सेदाराची संमती आली. हिस्सा घाईने विकायला काढलात, तर वाटणी न झालेल्या जमिनीला भाव पडूनच मिळतो.

तर मग मुंबईची जागा घ्यावी का? घ्यावी, पण आधी काही गोष्टी लेखी विचारून. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: पीएचडीची नोंदणी होणार का, कोणत्या विद्यापीठात, किती महिन्यांत? प्रकल्पातली जेआरएफ मिळाली म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळाला असं नसतं, आणि इथेच पुष्कळ मुलं फसतात. दुसरी गोष्ट, प्रकल्पाची तीन वर्षं कधी सुरू झाली? एक वर्ष आधीच गेलं असेल तर तिच्या वाट्याला दोनच येतात. नेटमध्ये तिला स्वतःच्या नावावर जेआरएफ आहे का फक्त लेक्चररशिप, ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्वतःच्या नावावर असेल तर ती फेलोशिप तिच्याबरोबर जाते. प्रकल्पाची मात्र प्रकल्पाबरोबर संपते. २०२३ मध्ये केंद्राने ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, आयआयटी दिल्लीत पदार्थ आणि उपकरणांचं केंद्र झालं, आयआयटी मुंबईत संवेदन आणि मापनाचं. या क्षेत्रात जागा निघत आहेत त्या त्यामुळेही, पण म्हणून एखाद्या प्रकल्पाची मुदत आपोआप वाढत नाही. वसतिगृह मिळणार नसेल तर घरभाडं किती, तेही विचारा. मुंबईच्या ३० टक्के दराने ते ११,१०० होतं.

आणखी एक प्रश्न तिने प्रयोगशाळेत जाऊन विचारावा: हीलियमची सोय काय? क्वांटम पदार्थ तपासायचे ते पार थंड करून, आणि त्यासाठी द्रव हीलियम लागतो. तो उकळतो ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ सेल्सिअसला, आणि हीलियम आपल्याला आयात करावा लागतो. उडालेला वायू परत गोळा करून द्रव करायची यंत्रणा संस्थेत असेल किंवा यंत्र बंद चक्रावर, म्हणजे तोच वायू फिरवून, चालणारं असेल तर काम अडत नाही. नसेल तर पुरवठा लांबला की मोजमाप थांबतं.

हे पैशाच्या सल्ल्यात सांगतो आहे, कारण या विषयात काम लांबतं आणि ते पगारावर येतं. या पदार्थांचे स्फटिक वाढवायची एक नेहमीची रीत बघा. क्वार्ट्झच्या नळीत पूड आणि चिमूटभर आयोडीन भरायचं, आतली हवा ओढून काढायची, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि दोन टोकांना दोन वेगळी तापमानं असलेल्या भट्टीत आठ-पंधरा दिवस ठेवायचं. पूड नीट सुकलेली नसली किंवा आयोडीन जास्त पडलं तर तापताना आतला दाब वाढतो, नळी फुटते आणि पंधरवडा जातो. अतिथंड यंत्रात बारीकशी गळती निघाली तर ते खोलीच्या तापमानाला आणा, गळती शोधा, परत निर्वात करा, परत थंड करा, यात दोन-तीन आठवडे सहज जातात. शिवाय इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनसारख्या (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रासारख्या) ठिकाणी मोजमापाला नंबर लावावा लागतो. म्हणून पाच वर्षांत पीएचडी संपेलच असं धरू नका. फेलोशिप मात्र दोन वर्षं जेआरएफ आणि पुढे तीन वर्षं ४२,००० ची एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप), अशी पाच वर्षांचीच. सहावं वर्ष बिनपगारी निघू शकतं.

त्याची तयारी पहिल्या महिन्यापासून करा. लेकीने महिना ४,५०० ची आवर्ती ठेव पाच वर्षं भरली तर साडेसहा टक्क्यांनी ३ लाख १८ हजारांच्या आसपास जमतात. २५,००० खर्च धरला तर सहावं वर्ष निघतं. तुमच्या ठेवीतले दीड लाख वेगळे काढून तिच्या नावाने हाताशी राहतील असे ठेवा. फेलोशिपचा पहिला हप्ता दोन-तीन महिने उशिरा येणं, मार्च-एप्रिलमध्ये अनुदान अडकणं हे नेहमीचं आहे. थकबाकी मिळते, पण खानावळवाला तोवर थांबत नाही. फेलोशिपला पीएफ नसतो, म्हणून ती पीपीएफ खातं आताच उघडू दे, वर्षाला ५०० भरले तरी ते चालू राहतं. संस्थेचा आरोग्य विमा नसेल तर स्वतःचा घ्यावा. आयुर्विमा सध्या नको, तिच्या कमाईवर कुणी अवलंबून नाही.

जर्मनी सोडायला मी सांगत नाही. दीड-दोन वर्षं क्रायोस्टॅट, म्हणजे ते अतिथंड यंत्र, हाताळला, एखाद्या शोधनिबंधात नाव आलं की तिने तिथल्या पगारी जागांना थेट अर्ज करावेत. तेव्हा लागतील ते व्हिसाचे ७५ युरो, विमानभाडं, घराची अनामत आणि पहिला पगार होईपर्यंतचा खर्च. तीन-चार लाखांत भागतं आणि तेवढे तुमच्या ठेवीतून बाग न हलवता देता येतील.

बागेचं एक काम मात्र आता करून घ्या. भाऊ आंब्याला मे महिन्यात गावी येतील, तेव्हा सगळ्यांच्या संमतीने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज तहसीलदारांकडे द्या. सह्यांसाठी माणसं एकत्र मिळतात ती मे महिन्यात, नाहीतर थेट गणपतीत.