२१११ घेतली आणि शून्य आलं!

प्रश्न : नातीने शाळेतून एक गंमत आणली. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि वजाबाकी. उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी ६१७४ येतंच म्हणे. मी २१११ घेतली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य! नात म्हणते, आजोबा, तुमचंच चुकलं. कोण बरोबर? आणि ६१७४च का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : निकाल नातीच्या बाजूने. वजाबाकी तुमची बिनचूक आहे, पण चार घरांचा खेळ तुम्ही मधेच तीन घरांवर आणलात. ९९९ ऐवजी ०९९९ लिहा. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. त्यानंतर ७६४१ वजा १४६७ केलंत तरी ६१७४च. शून्यावर जातात त्या फक्त ११११, २२२२ अशा एकाच अंकाच्या संख्या. बाकी कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्या.

हा शोध द. रा. कापरेकरांचा. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. नोकरी देवळालीत शाळामास्तराची. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं.

आता ‘का’. याला चमत्कार म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला वैताग येतो, कारण खरी मजा पुढेच आहे. उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकी येते ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). म्हणजे मूळ संख्या कोणती होती हे विसरलात तरी चालेल! टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोघांतला फरक, एवढ्यावरच उत्तर ठरतं. टोकांचा फरक १ ते ९. मधल्यांचा शून्यापासून फार तर टोकांच्या फरकाइतका. अशा जोड्या होतात ५४. जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात. त्यातही १९९८ आणि ८९९१ यांच्यासारखी, तेच अंक उलटसुलट असलेली उत्तरं पुष्कळ. ती एकदाच तपासायची. मोठा कागद आणि एक दुपार पुरे. नातीने वजाबाक्या कराव्यात, तुम्ही हातचे तपासा.

मला स्वतःला ६१७४ आवडते ती दुसऱ्याच कारणासाठी. अंकांची बेरीज १८. त्या १८ने भागलं तर नि:शेष भाग जातो आणि येतात ३४३, म्हणजे ७चा घन. शिवाय १८, १८चा वर्ग ३२४ आणि घन ५८३२ यांची बेरीज करून बघा! आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिलं.

नात पुढे विचारेलच, म्हणून सांगून ठेवते : तीन अंकी संख्या ४९५वर येऊन थांबतात. दोन अंकी थांबत नाहीत. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. पाच अंकीही अशाच फिरत राहतात : ५३९५५वरून ५९९९४, तिथून पुन्हा ५३९५५. पाच अंकांत अशी आणखी दोन चक्रं आहेत, ती तिला शोधू द्या.